टर्नरच्या हातातल्या सुया

सोमवार, ३ नोव्हेंबर

एकतीस वर्षं लेथवर काम केलं आणि रोज सुटी व्हायच्या आधी मशीनच्या वहीत नोंद लिहिली. कोणता जॉब, किती नग, काय बिघडलं. वर्कशॉपने आमचे लेथ काढून कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आणली आणि आम्हा जुन्या टर्नरना मुदतीआधीच घरी पाठवलं. त्याला दोन महिने झाले. मशीन गेलं, लिहायची सवय राहिली. तेव्हा आजपासून स्वतःचीच नोंद.

काम: काही नाही. बिघाड: काही नाही.

ही म्हणते मी चिडचिडा झालोय. अजिबात नाही. घरातली माणसं वस्तू जागच्या जागी ठेवत नाहीत, एवढंच माझं म्हणणं. घरात माणसं दोनच आहेत, असं ती म्हणाली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

हिचं प्लॅस्टर निघालं. माळ्यावरची पेटी काढताना स्टुलावरून पडली होती, उजवं मनगट. डॉक्टर तिच्याशी आत बोलले, मी बाहेर बाकावर होतो. बाहेर येऊन म्हणाली, "जड उचलायचं नाही. आणि विणकाम तर बिलकुल नाही. निदान तीन महिने."

जानेवारीत लेकीचं बाळंतपण आहे. ही सगळ्या नात्यागोत्यातल्या बाळांचे स्वेटर विणत आली, आणि नेमकं स्वतःच्या नातवंडाच्या वेळी हे असं. मी म्हटलं, विकत आणू. मी बाळच विकत आणू म्हटल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज सकाळी चहा पिताना म्हणाली, "तुम्ही विणा."

"काय?"

"स्वेटर. मी शेजारी बसून सांगते. हात तुमचे, डोकं माझं."

"मला हसतील लोक."

"कुठले लोक? दोन महिन्यांत तुम्ही खिडकीशिवाय कुठे गेलात?"

मी नाही म्हटलं. दुपारी पुन्हा नाही म्हटलं. संध्याकाळी तिने लोकरीची चिठ्ठी लिहून माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. मनगट दुखतं म्हणून डाव्या हाताने लिहिली म्हणे. अक्षर तरी नेहमीसारखंच टपोरं. माझ्या बायकोच्या दोन्ही हातांत कला आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज जे झालं ते सविस्तर लिहितो.

लोकरीचं दुकान चपलांच्या दुकानाच्या वर, लाकडी जिना चढून. दारातच थबकलो. चारी भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत खण आणि प्रत्येक खणात लोकर. पण ती लावली कशी होती! एक निळा म्हणावा तर त्याच्या शेजारी त्याहून जरा फिका, मग त्याहून फिका, असं करत करत पांढऱ्यापर्यंत. आमच्या स्टोअरमध्ये ड्रिल अशी मापाने लागलेली असावीत म्हणून मी जन्मभर डोकं फोडलं.

दुकान एक बाई चालवतात. पंचेचाळिशीच्या, चष्मा कपाळावर. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "बाळाच्या स्वेटरसाठी ना? या." मी विचारलं, कसं ओळखलंत? म्हणाल्या, "चेहऱ्यावरून." व्यापारात मुरलेल्या माणसाची नजर अशी असते.

त्यांनी पिवळ्या रंगाचे चार गुंडे काढून काउंटरवर ठेवले. "हात लावून बघा." हात लावला तर लोकरच बोटांना चिकटून आली. माझी बोटं कानशीसारखी, एकतीस वर्षांच्या लोखंडाच्या किसाने खरवडलेली. मी ओशाळून हात मागे घेतला. त्या म्हणाल्या, "हाताने नाही कळणार काका, गालाला लावा. बाळाला टोचायला नको."

भर दुकानात मी लोकर गालाला लावली. पहिली टोचली. दुसरी गुळगुळीत, पण जीव नसलेली. तिसरी लावली आणि मला तिथून काढवेना. काय सांगू, ऊन पडलेल्या उशीवर गाल ठेवल्यासारखं झालं. मी डोळे मिटले होते हे मला डोळे उघडल्यावर कळलं. बाई तोंड फिरवून उगाच खण पुसत होत्या.

गुंड्यांवर लॉट नंबर असतो! एकाच लॉटचे घ्यायचे, नाहीतर रंगात फरक पडतो. हे ऐकून मला या धंद्याविषयी आदर वाटला. त्या तिसऱ्या लोकरीचे चार गुंडे घेतले, चारांचेही नंबर मी स्वतः तपासले. सुयांवर चार मिलिमीटर लिहिलं होतं. घरी आल्यावर व्हर्नियर लावला तर ३.९६ भरल्या. हिला सांगितलं. ती म्हणाली, "बाळ चालवून घेईल."

रविवार, ९ नोव्हेंबर

टाके घालायला शिकलो. चाळीस घालायचे होते. पहिल्यांदा अठ्ठावीसवर सगळे सुटले, दुसऱ्यांदा सदतीस झाले, तिसऱ्यांदा त्रेचाळीस. ही हसून हसून पडायची बाकी होती. प्लॅस्टरमध्ये असताना इतकी हसली नव्हती. दुखणं कमी होत असावं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सुलट टाका: सुई पुढून आत, धागा गुंडाळ, बाहेर काढ, सोड. उलट टाका: धागा पुढे आण, सुई उलट्या बाजूने आत, बाकी तेच. एवढे दोनच. जगातले सगळे स्वेटर या दोन टाक्यांत झाले आहेत. ही गोष्ट मला छप्पन्न वर्षं कोणी सांगितली नाही.

नमुन्याचा चौकोन विणला. दहा सेंटिमीटरमध्ये बावीस टाके. इतका घट्ट की ताटाखाली ठेवता येईल. ही म्हणाली, "धाग्याचा गळा कशाला आवळताय?" मी म्हटलं, घट्ट म्हणजे मजबूत. पण माप ठरलं. बावीसच्या हिशोबाने कागदावर ड्रॉइंग काढलं: पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, गळपट्टी. बऱ्याच दिवसांनी पेन्सिलीला टोक केलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

लेकीचा फोन. आमचं ठरलेलं बोलणं झालं. "कसे आहात?" "बरा आहे. तू?" "बरी." "आईला देतो."

मी विणतोय हे तिला सांगायचं नाही, अशी हिला ताकीद दिली आहे. ही दार लावून पाऊण तास बोलत होती आणि मधून मधून हसत होती. तिकडची हवा बरी असावी.

लेक माझ्याशी भांडत नाही. सात वर्षांपूर्वी एकदाच भांडण झालं, तेही माझ्याच बाजूने. तिला मशीनकाम शिकायला जायचं होतं. प्रवेशाच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. तिथल्या ऑफिसात, क्लार्कच्या समोर मी म्हणालो, "हे मुलींचं काम नव्हे," आणि पेन ठेवून बाहेर आलो. सही हिने केली. लेक शिकली, पहिली आली, आता दुसऱ्या गावात त्याच विषयाची मास्तरीण आहे. आठ तासांचा बसचा रस्ता. माझं काय चुकलं? आमच्याकडे एकाची तीन बोटं गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. ती बोटं मीच रुमालात उचलली होती. पण हे मी त्या दिवशी बोललो नाही, एवढं खरं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पाठ पूर्ण! दोन वेळा उसवली, तिसऱ्यांदा जमली. काल संध्याकाळी मधल्या ओळीत एक टाका गळलेला दिसला होता, उद्या बघू म्हणून ठेवून दिलं. सकाळी पाहतो तर टाका जागेवर. मलाच संध्याकाळच्या उजेडात नीट दिसलं नसणार. चष्म्याचा नंबर तपासायला हवा.

घट्ट बसलेलं मुरंब्याच्या बाटलीचं झाकणही हिने आज सहज उघडलं. परवा मी प्रयत्न केला होता, तेव्हाच सैल झालं असावं.

बोटांना रोज हिची क्रीम लावतो आहे. लोकर आता अडकत नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

वेल्डर आला होता. वर्कशॉपमध्ये शेजारच्या शेडमध्ये असायचा, वीस वर्षं आम्ही डबा एकत्र खाल्ला. बेल वाजली तशी मी विणकाम खुर्चीच्या उशीखाली सरकवलं. आणि हा माणूस घरात चार खुर्च्या असताना नेमका तिथेच बसला.

बसला आणि ताडकन उठला. मागे हात नेऊन त्याने सुई ओढून काढली. सुईला पिवळा तुकडा लोंबत होता.

"वहिनींचं वाटतं."

मला खोटं बोलायचं होतं. पण तुकडा उलटसुलट करून तो म्हणाला, "काम चांगलं आहे, एकसारखं," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं आहे."

तो हसला नाही. चष्मा लावून एक एक ओळ पाहिली, जोड तपासतो तशी. मग म्हणाला, "लेकीच्या बाळासाठी? तिला आनंद होईल. तुझ्या हाताचं वेड होतं त्या पोरीला."

"कसलं वेड?"

"अरे, शाळा सुटली की यायची की. तुझा डबा घ्यायला म्हणून. फाटकाच्या जाळीतून तुझ्या लेथकडे बघत उभी असायची. अर्धा अर्धा तास. एकदा मी म्हटलं, आत बोलावू का बाबांना? तर म्हणाली, नको, बाबांनी पाहिलं की ते थांबतील. मला त्यांचे हात बघायचेत. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ती नुकतीच आली आहे.

वेल्डर गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिलो. ही विचारत होती, काय झालं. सुई टोचली म्हटलं. बसला तो, टोचली तुम्हाला कशी, असं तिने विचारलं नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पुढचा उजवा भाग झाला. आता हात आपोआप चालतात. आज विणता विणता खिडकीबाहेर पाहिलं तर समोरच्या झाडाची सगळी पानं गळून गेलेली. कधी गळाली कोणास ठाऊक. इतके दिवस मी त्या खिडकीतच तर बसत होतो.

गुरुवार, ११ डिसेंबर

गोंधळ. पुढचा भाग पाठीला लावून पाहिला तर चांगला तीन बोटं लांब! टाके ड्रॉइंगप्रमाणे, ओळी पाठीएवढ्याच, सुया त्याच. व्हर्नियर पुन्हा लावला, ३.९६. टाके मोजले तर आता दहा सेंटिमीटरमध्ये अठराच बसतात. बावीसचे अठरा कसे झाले? हिला विचारलं तर म्हणाली, "हात सैल झाला तुमचा." मी म्हटलं, माझा हात एकतीस वर्षांत केसभरही हलला नाही. "तेच तर," ती म्हणाली आणि उठून गाद्या उलटायला गेली.

दुपारी फोन वाजला. ही न्हाणीघरात होती. "घ्या ना हो, माझे हात ओले आहेत!" घेतला. लेक.

"कसे आहात?"

"बरा आहे. आईचे हात ओले आहेत."

मग म्हणाली, "बाबा, पाठ लहान आली ना?"

म्हणजे हिने सांगितलं होतं! मला राग यायला हवा होता. पण मी म्हटलं, "अगं, माप तेच, सुया त्याच, तरी फरक."

"नवं टूल बसल्यावर पहिले जॉब कसे येतात? तुम्ही ते ग्राह्य धरता का?"

"छे. बाजूला काढतो."

"मग पाठ बाजूला काढा. हात आता बसलाय. आता जे येतंय ते खरं माप."

लख्ख प्रकाश पडला. मी म्हटलं, "तुमच्याकडे मशीनं कोणती आहेत?" तिने सांगितलं. मी आणखी विचारलं. मुलं टूलला धार लावायला कंटाळतात म्हणाली. मी म्हटलं, त्यांना आधी बोथट टूलवर काम करायला लाव, आपोआप धार लावतील. ती हसली. अठरा मिनिटं बोललो. न्हाणीघरातलं पाणी केव्हाच बंद झालं होतं, पण ही बाहेर आली नाही. पाय धूत असावी.

पाठ उसवली. दुःख झालं नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

लोकर संपली. माप वाढलं की माल जास्त लागणारच, हे मला आधी सुचायला हवं होतं. दोन बाह्यांचे मनगटाचे काठ आणि गळपट्टी राहिली.

दुकानात गेलो. तो लॉट संपलेला. बाईंनी दुसऱ्या लॉटचा पिवळा काढला. दोघं तो घेऊन जिन्याच्या दारात उजेडात गेलो, डोळे बारीक करून पाहिलं. फरक अगदी नखाएवढा. बाई म्हणाल्या, कोणाला कळणार नाही. मी म्हटलं, मला कळेल. त्या म्हणाल्या, "मग लपवू नका ना, काका. काठ सरळ वेगळ्या रंगाचे करा. निवडा तुम्हीच."

मी? माझे सदरेसुद्धा हिने आणलेले असतात. पण मी तासभर त्या खणांपुढे होतो. एक एक गुंडा पिवळ्याशेजारी धरायचा, दोन पावलं मागे जायचं, पुन्हा ठेवायचा. लाल आरडाओरडा करत होता. हिरवा बरा होता, पण रुसलेला. बाईंनी मला एक स्टूल आणून दिलं आणि आपलं काम करत राहिल्या. आणखी एक बाई लोकर घ्यायला आल्या, त्यांना जांभळ्यातलं काही ठरेना, तर मी मत दिलं आणि त्यांनी ते ऐकलं! शेवटी एक करडा सापडला, पोलादाचा. नुकत्याच कातलेल्या पोलादाची झाक. पिवळ्याशेजारी ठेवला तर दोघंही खुलले.

घरी येऊन हिच्यापुढे ठेवला. तिने तो हातात घेतला, उजव्याच, आणि किती तरी वेळ दाबून पाहिला. मग म्हणाली, "मलाही नसता सुचला."

सोमवार, १२ जानेवारी

मुलगी झाली! पहाटे पाचला. दोघी सुखरूप. जावयांचा आवाज इतका थरथरत होता की मीच त्यांना धीर दिला.

स्वेटर आठवड्यापूर्वीच तयार आहे. धुऊन, सपाट वाळवून, बटणं लावून. रोज एकदा उघडून बघतो. हिला वाटतं मी कपाटात पंचा शोधतोय.

रविवार, २५ जानेवारी

लेकीकडे पोचलो. बसमध्ये पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

बाळ म्हणजे काय, मूठभर. लेक वाळली आहे, पण डोळे तेच. तिने स्वेटर घडीतून काढला, उजेडाला धरला. आतली बाजू बाहेर काढून शिवण पाहिली. मी श्वास धरून उभा. असा तर मी फोरमनपुढेही कधी उभा राहिलो नव्हतो. मग तिने तो बाळाला घातला.

बाळ दिसेनासं झालं. बाह्या दोन वेळा दुमडल्या तरी हात सापडेनात, गळ्यातून नुसतं कपाळ. जावई म्हणाले, "शाळेत जाईपर्यंत पुरेल." सगळे हसले. माझं तोंड उतरलं असावं, कारण लेक लगेच म्हणाली, "पुढच्या थंडीत अगदी बरोबर होईल," आणि तो बाळाभोवती शालीसारखा गुंडाळला. बाळाने करड्या काठात नाक खुपसलं आणि झोपलं. टोचलं नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

दुपारी ही आणि जावई बाजारात गेले. ही म्हणाली, पिशव्या मी उचलते, त्यांना सवय नाही. मनगटाचं डॉक्टरांना एकदा विचारायला हवं, एकदम कसं बरं झालं.

घरात मी, लेक आणि झोपलेलं बाळ. लेक म्हणाली, "बाबा, उरलेली करडी लोकर आणलीत? मला शिकवा."

सुया दिल्या. तिच्या शेजारी बसलो. तिचा अंगठा माझ्यासारखाच आहे, रुंद, नखाशेजारी जुना व्रण. लेथवरून उडालेल्या लोखंडाच्या चिपने कापलेला असणार. तो व्रण मी पहिल्यांदाच पाहिला. सात वर्षांत मी तिचे हात पाहिले नव्हते.

मी म्हणालो, "मी त्या दिवशी सही करायला हवी होती."

ती टाके घालत राहिली. अकरा, बारा.

मी म्हणालो, "एकाची बोटं गेली होती आमच्याकडे. मीच उचलली होती. तुझा हात डोळ्यांपुढे आला. तेवढंच सांगायचं होतं, पण ते भलतंच बोललो. चुकलंच माझं."

ती थांबली. सुया मांडीवर ठेवल्या. बाळाचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी तुमच्याइतकी चांगली होणार नाही म्हणून तुम्ही नाही म्हणालात."

मी मान हलवली, नाही नाही म्हणून, किती वेळा कोणास ठाऊक. तिने डोळे मनगटाने पुसले, मी माझ्या सदऱ्याची बाही पुढे केली, ती तिने नाकाला लावली, लहानपणी लावायची तशी. मग दोघंही हसलो, बाळ उठू नये म्हणून तोंड दाबून.

सुया तिने पुन्हा उचलल्या. पहिली ओळ विणून माझ्यापुढे धरली. "बघा."

पाहिली. काही टाके आवळलेले, काही लोंबणारे, सहावा तर उलटाच पडलेला. एकतीस वर्षं असा जॉब माझ्यापुढे आला असता तर मी न बोलता भंगारात टाकला असता. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती.

"छान आहे," मी म्हणालो. "दुसरी ओळ घे."